पान एक्केचाळीस

एका वाक्यावरून पुस्तक अडलं होतं, आणि नागसेन गुरुजींच्या अंगात आता भांडायचंही त्राण उरलं नव्हतं.

पडघ्याजवळच्या या गावाचा इतिहास लिहायला त्यांनी तीन वर्षं घातली होती. निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थाला जातात. गुरुजी तलाठ्याच्या दप्तरात जाऊन बसले. प्रत्येक घराला आपला आजोबा पुस्तकात हवा होता, आणि जमल्यास शेजाऱ्याचा नको होता. तेही त्यांनी निभावलं. आधी भात, मग गवताच्या गाड्या, मग भिवंडीचे कापडाचे लूम आणि शेवटी गोदामं, असं सगळं ओळीने लावून पुस्तक छपाईला निघालं, तर पान एक्केचाळीसवर माशी शिंकली.

तिथे गुरुजींनी लिहिलं होतं, ‘दलालांनी भोळ्या शेतकऱ्यांना फसवून जमिनी घेतल्या.’ सरपंच केसरीनाथांना हवं होतं, ‘विकासाची दूरदृष्टी ठेवून ग्रामस्थांनी स्वखुशीने जमिनी दिल्या.’

“गुरुजी, पुस्तक पंचायत काढतेय,” केसरीनाथ म्हणाले. “आमचं गाव भोळं होतं असं आम्हीच छापायचं? पाव्हणे हसतील.”

“मग माझं नाव काढा. लेखक म्हणून तुमचं टाका.”

हे ते रागाने म्हणाले असते तर सरपंचांनी मनावर घेतलं नसतं. ते थकून म्हणाले, म्हणून केसरीनाथ घाबरले. भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या छापखान्यातून सकाळपासून दोन फोन येऊन गेले होते. आज पान गेलं नाही तर जत्रेआधी पुस्तक हाती पडणार नव्हतं.

“आपण आयेलाच विचारू,” केसरीनाथ म्हणाले. “गावातली पहिली जमीन तिनेच विकली. ती सांगेल ते छापू. मंजूर?”

गुरुजींनी मान हलवली. सरपंचांची आई असली तरी धोंडूबाई खोटं बोलणार नाही, एवढा त्यांना भरवसा होता. शिवाय ती आपल्याच बाजूने बोलेल असंही मनातून वाटत होतं. कोणती म्हातारी हौसेने शेत विकते?

धोंडूबाई ओटीवर पाय पसरून गुडघ्यांना तेल चोळत होती. पंच्याऐंशी वय. समोर रस्त्यापलीकडे तिच्या शेतावर उभं राहिलेलं गोदाम होतं, आणि त्याच्या दारात एक कंटेनर मागे घेतला जात होता. गुरुजींनी शेजारी बसून दोन्ही वाक्यं सावकाश वाचून दाखवली.

तिने तेलाचा हात पदराला पुसला. “मना कोन फसवल? त्या दलालाला चार येला पायरी उतरवला मी. माज्या मनासारखं झालं तवा आंगठा दिला.”

केसरीनाथांचा चेहरा खुलला. “ऐकलंत, गुरुजी?”

“तू गप. दूरदृष्टी म्हंजे काय रं?”

“म्हंजे... पुढचं वलखनं, आये.”

“मी कुठं पुढचं वलखलं? उद्या चिखलात उतरायचं न्हाय, यवढंच वलखलं.” तिने दुखरा गुडघा दाबला. “तवा साठी उलटली व्हती. तुजा बाप गेलेला, तू लूमवर ड्युटीला. लावनीला मानूस गावत नव्हतं. दिसभर पावसात वाकायचं, पायाच्या बेचक्यात चिखल्या पडलेल्या. येक दिस बांधावर टेकले ती उठवंच ना. जमिनीवर माया व्हती, न्हाय कशाला म्हनू? पन कंबर मोडली व्हती. लिव मास्तर, धोंडू दमली म्हनून इकली.”

“आये, पुस्तकात असं लिवत न्हाईत,” केसरीनाथ कळवळून म्हणाले. “लोक काय म्हनतील?”

“जे दमलेत ते काय म्हनायचे न्हाईत.”

तीन वर्षं गुरुजींनी सातबारे चाळले होते, पंचायतीचे ठराव वाचले होते, जुन्या पावत्यांवरची धूळ खाल्ली होती. दमल्याची नोंद कुठेच नव्हती. आपलं वाक्य खोटं निघालं याचं त्यांना वाईट वाटलं, आणि वाद मिटला याचं त्याहून जास्त बरं वाटलं. त्यांनी दोन्ही वाक्यांवर काट मारली आणि समासात तिचं वाक्य लिहिलं. केसरीनाथांनी ते वाचलं, कपाळाला हात लावला, पण दिलेला शब्द फिरवला नाही. ते छापखान्याला फोन लावायला अंगणात गेले.

गुरुजी कागद गोळा करायला लागले.

“आन कलावतीचं काय लिवलंस?” धोंडूबाईने विचारलं.

कलावती म्हणजे गुरुजींची आई. तिला जाऊन दहा वर्षं झाली होती. गुरुजींना उत्तर माहीत होतं, तरी त्यांनी उगाच चार पानं उलटली.

“आपल्याच आईचं नाव आपण कसं घालायचं, मावशी? शेतमजुरांवर एक परिच्छेद आहे. त्यात ती आलीच.”

“तीस वर्सं माज्या बाजूला वाकून लावनी केली तिनं. ज्या साली मी दमले, त्याच साली तीबी दमली.” धोंडूबाईने पाय आखडून घेतले आणि प्रथमच त्यांच्याकडे नीट पाहिलं. “मी जमीन इकली आन घरात बसले. ती दुसऱ्या पाड्यावर लावनीला गेली. तिच्याकडं इकायला काय व्हतं, नागसेना?”