लुसेरोच्या कपाळावरचा चांद

उरुग्वेच्या किनाऱ्यावर पाहुण्यांना घोड्यावरून फिरवणाऱ्या नेमेसिओकडे बेल्जियमच्या ओडिलबाई तीन वर्षांनी पुन्हा यायच्या होत्या. "आता कंबर साथ देत नाही. फक्त माझ्या लुसेरोला भेटायचंय," असं पत्र आधीच आलं होतं.

लुसेरो थकला, तसा गेल्या हिवाळ्यातच खाटकाच्या ट्रकमध्ये चढला होता. इकडे सगळ्यांचे म्हातारे घोडे तसेच जातात, त्यात कुणाला काही वाटत नाही. पत्र वाचून नेमेसिओला मात्र पहिल्यांदाच वाटलं. त्यानं तसाच तांबडा दुसरा घोडा धुतला आणि त्याच्या कपाळावर चुन्यानं पांढरा चांद काढला.

"अहो, खरं सांगून टाका की! तोंड नाही का तुम्हाला?" बायको म्हणाली.

"त्याच तोंडानं 'मरेपर्यंत सांभाळीन' म्हणालो होतो बाईंना," तो पुटपुटला.

बाई आल्या त्या थेट घोड्याच्या गळ्यात पडल्या. कितीतरी वेळ त्याचं कपाळ कुरवाळत राहिल्या. मग त्यांनी आपला पांढरा झालेला तळहात पाहिला, झग्याला हळूच पुसला आणि लुसेरोसाठी आणलेलं सफरचंद घोड्यापुढे धरलं.



"नेमेसिओ," वर न बघताच त्यांनी विचारलं, "याचं नाव काय हो?"