फुग्यांचे मासे

“विमान नको,” फोनवर देवीदासजी म्हणाले. “अन् जंगलही नको. वाघ पाहून लेकरू भिऊन जाईन.”

शाहनवाजने पंप खाली ठेवला. वाढदिवसाच्या सजावटीची थीम बदलण्याची या म्हाताऱ्याची ही काही पहिली वेळ नव्हती. दुसरं कुणी असतं तर त्याने सरळ सांगितलं असतं, अमरावतीतच एखादा फुगेवाला पाहा, मला अकोल्याहून कशाला बोलावता? पण देवीदासजींचा फोन आला की तो दुकानाचं शटर अर्धं ओढायचा आणि ऐसपैस बसून बोलायचा. दिवसभरात त्याच्याशी एवढं बोलणारं दुसरं होतंच कोण?

“मग काय करू काकाजी?”

“तुमीच सांगा. दोन वर्षांच्या लेकराले काय आवडते?”

“मले काय मालूम? माह्या घरी कुठं लेकरू हाये?”

“बरं, तुमी लहान होते तवा तुमाले काय आवडे?”

हे शाहनवाजला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

“मासे,” तो म्हणाला. “मामूच्या विहिरीत मासे होते. काठावर पालथा पडून पाहत राहो मी. जेवाचीही सुध नसे.”

“थांबा,” देवीदासजी म्हणाले. “इचारून सांगतो.”

संध्याकाळी निरोप आला. मासेच करा.

शाहनवाजला प्रश्न पडायचा, हा माणूस विचारतो तरी कुणाला? बायको वारून कित्येक वर्षं झाली, मुलगा नागपूरला, घरात आपण एकटेच, असं त्यांनीच सांगितलं होतं. नातवाचा वाढदिवस का, असं विचारलं तर म्हणाले, “नातवासारखंच समजा.” नाव विचारलं तर म्हणाले, “नाव नका लिहू.” पाहुणे किती, तर “घरचेच.”

उलट तेच शाहनवाजची चौकशी करायचे. स्वयंपाक कोण करतं? आई असते का सोबत?

“अम्मी गेली मागच्या उन्हाळ्यात,” शाहनवाजने सांगितलं होतं. “मीच टाकतो दोन पोळ्या.”

“अन् घरवाली?”

“ते हाये तिच्या भावाकडे. धारणीले.”

नगमाला जाऊन तिसरं वर्ष चालू होतं. लग्नाला बरीच वर्षं होऊन पाळणा हलला नव्हता. अम्मी रोज ताटावर तिला टोचून बोलायची आणि शाहनवाज मान खाली घालून जेवत राहायचा. एका दुपारी नगमा पिशवी भरून निघाली. “तुम्ही एक शब्द तरी बोलायचा होता,” एवढंच म्हणाली. त्यानंतर ना तलाक झाला, ना संसार उरला. एकदा तो धारणीला गेला, तर तिच्या भावाने त्याला दारातूनच परत पाठवलं. तेव्हापासून तो दुसऱ्यांच्या लेकरांसाठी फुगे फुगवत होता आणि केक कापायच्या आधी निघून येत होता.

हळूहळू त्याची खात्री झाली. लेकरू नाहीच. रिकाम्या घरात म्हाताऱ्याने ते मनानेच वाढवलंय. त्याला राग आला नाही. रात्री एकटं जेवताना तोही कधीकधी समोर बसलेल्या कुणाशी तरी बोलायचा.

ठरल्या दिवशी तो सकाळीच निघाला. मूर्तिजापूर, बडनेरा करत वलगाव रोडवरच्या त्या घरी पोचला. मागे मेथी-पालकाचे वाफे, पुढे पत्र्याच्या छपराचा ओटा. ना पाहुणे, ना लगबग. देवीदासजी धुतलेला सदरा घालून एकटेच खुर्चीवर बसले होते.

शाहनवाजने काही विचारलं नाही, कामाला लागला. भिंतभर निळे फुगे चढवले. त्यांत पारदर्शक बुडबुडे सोडले. नारिंगी फुग्यांना पंख आणि शेपट्या चिकटवून त्यांचे मासे केले. एक मासा नीट दिसेना, तो फोडून पुन्हा केला. असं जीव ओतून त्याने एकाही हॉलमध्ये काम केलं नव्हतं.

“बाप्पा!” देवीदासजी म्हणाले. “विहीरच आणली तुमी घरात.”

ऊन कलायला लागलं तरी कुणी आलं नाही. टेबलावर केक तसाच होता. शाहनवाजने सामान आवरलं, पण आज त्याचा पाय निघेना. तो म्हाताऱ्याजवळ जाऊन बसला.

“काकाजी,” तो हळूच म्हणाला, “लेकरू नसलं तरी चालते. आपण दोघं कापू केक. मी थांबतो.”

देवीदासजींचे डोळे भरून आले.

“नसलं तरी?” ते म्हणाले. “अहो, लेकरू हाये ना. मागच्या खोलीत आमचे किरायदार राह्यतात, त्याइचं. तुमी गेल्यावर बाहेर याचं म्हणे लेकराची माय; तुमचा नंबरही तिनंच देला. पण आता तुमीच थांबतो म्हणता, तं...”

ते उठले आणि मागच्या दारावर टकटक केलं. “ये वो बाई. तो नाही जाऊन राह्यला.”

दार बराच वेळ उघडलं नाही. मग कडी निघाली. कडेवर दोन वर्षांची पोरगी घेऊन नगमा उंबऱ्यात उभी होती. पोरगी त्या अनोळखी माणसाला पाहून लाजली आणि आईच्या मानेत तोंड लपवू लागली.

नगमाने तिची हनुवटी वर केली. “सलाम कर, बेटा,” ती म्हणाली. “अब्बू हैं तेरे.”