भांड्यांचं लग्न

नागप्प चेट्टियार किल्ली मागायला आले तेव्हा देय्वानै आच्ची आपल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून कढीपत्ता निवडत होती. चौकात नादस्वरमवाले वाद्यं जुळवत होते. बर्मी सागाच्या खांबांना केळीचे खुंट बांधून झाले होते.

लग्न होतं एका फ्रेंच जोडप्याचं. तसं ते त्यांच्या गावी कधीच लागलं होतं. पण गेल्या वर्षी तमिळ मुलखातली देवळं बघत हिंडताना दोघं या घरात उतरली, घराच्या प्रेमात पडली आणि इथं, इथल्या रीतीनं पुन्हा लग्न करायचं त्यांनी मनावर घेतलं. घराचं हॉटेल झाल्यापासून चेट्टियार असल्या हौसेला नाही म्हणत नसत.

"देय्वानै, मागची खोली उघड," ते म्हणाले. "चौक ओका ओका दिसतोय. रुखवत मांडायला भांडी हवीत."

मागच्या खोलीत आच्चीच्या मुलीचं रुखवत होतं. मुलगी जन्मली त्या वर्षापासून आच्चीनं एकेक भांडं जमवलं होतं, जसं इथली प्रत्येक आई जमवते. पितळी हंडे, तांब्याची घंगाळी, एनॅमलचे डबे, पार छताला टेकलेले. मग मुलीनं आपल्या जातीबाहेरचा मुलगा पसंत केला. कुळाच्या देवळातून हार आल्याशिवाय चेट्टियार समाजातलं लग्न हे लग्नच नव्हे, आणि अशा लग्नाला देऊळ हार कुठून देणार? आच्चीचे थोरले दीर म्हणून नागप्प चेट्टियारांनी याच चौकात उभं राहून सांगितलं होतं की हार नाही तर लग्न नाही, आणि तिचं नाव आजपासून या घरात कुणी काढायचं नाही. आच्चीचा नवरा तेव्हा जिवंत होता. तो जमिनीकडे बघत बसला होता. त्याच्यावरचा राग आच्चीच्या मनातून तो वारल्यावरही गेला नाही.

"तिला एकदा जेवायला बोलवा, भावोजी," आच्ची म्हणाली. "मग किल्ली काय, अख्खी खोली घ्या."

"तिच्या लग्नाला हार आला नव्हता."

"आणि यांच्या?"

"यांचा बाजारातून आणलाय," चेट्टियार म्हणाले. "पाहुण्यांना काय कळतंय त्यातलं."

आच्चीनं सुपातला हात काढला. कमरेची किल्ली सोडून तिनं त्यांच्यापुढं धरली. "घ्या. निदान भांड्यांचं तरी लग्न लागू दे."

ती थट्टा करतेय असं वाटून चेट्टियार हसले.

भांडी बाहेर निघाली. चिंच लावून घासली गेली. चौकाच्या चारी बाजूंना, थोरलं भांडं मागं, धाकटं पुढं, अशी ती ओळीनं लागली. किती वर्षं आच्चीनं हे असंच मनात मांडून बघितलं होतं. विधवेनं लग्नात पुढं यायचं नाही म्हणून ती उंबऱ्यावरच बसून राहिली, पण तिची नजर भांड्यांवरून हलेना. पायलीचा हंडा जरा डावीकडे हवा होता, एवढंही तिच्या मनात येऊन गेलं.

हार घालून झाले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. कांजीवरम नेसलेली नवरी भांडी बघत बघत फिरू लागली आणि एका हंड्यापाशी वाकली. काठावर ठोकून अक्षरं काढलेली होती. पुढच्या डब्यावरही तीच, घंगाळावरही तीच. तिनं जवळ उभ्या असलेल्या वाढप्याला विचारलं. वाढपी गावात नवा होता, त्यानं सरळ वाचून टाकलं.

"उमैयाळ."

चेट्टियार जागच्या जागी थांबले. भांडी म्हणजे बायकांचा प्रांत. दुकानातून आणल्याबरोबर आई त्यावर मुलीचं नाव घालून घेते, ही गोष्ट त्यांच्या ध्यानातच नव्हती. नवरीनं अर्थ विचारला.

"आशीर्वाद आहे," चेट्टियार इंग्रजीत म्हणाले. "घर सदा भरलेलं राहो, असा."

आच्ची नन्सच्या शाळेत शिकलेली, तिला सगळं समजलं.

नवरी तर हरखून गेली. तिनं तो शब्द नवऱ्याला शिकवला, नवऱ्यानं आपल्या मित्रांना. कुणीतरी अक्षता वाटल्या. मग सगळा चौक अक्षता उधळत म्हणू लागला, उमैयाळ, उमैयाळ. नादस्वरमवाल्यांनीही त्याच्यावर सूर धरला. नवरीनं चेट्टियारांच्या हातात तांदूळ दिले आणि तुम्हीही म्हणा म्हणून आग्रह धरला. सगळे कॅमेरे त्यांच्याकडे वळले होते. चेट्टियार हसले आणि त्यांनीही नाव घेतलं.

आच्चीनं ते ऐकलं. ते इतकं सोपं होतं याचाच तिला संताप आला. आपणही एकदा म्हणावं म्हणून तिनं तोंड उघडलं आणि सवयीनं आधी भावोजींकडे बघितलं.

तेवढ्यात नवरी तिच्यासमोर आली. कुणीतरी शिकवलं होतं तशी ती वाकली, आच्चीच्या पायांना हात लावला आणि म्हणाली, "आच्ची, उमैयाळ."

आच्चीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"ती त्रिचीत असते, बाई," ती तमिळमध्ये म्हणाली. "सकाळच्या बसनं निघाली तर जेवायच्या वेळेला पोचते."

नवरीला वाटलं, आशीर्वादाचा हा पुढचा भाग असावा. तिनं डोळे मिटले आणि पुन्हा हात जोडले.