डोक्यावरचं टिंब

"तुमच्या वडलांचं पुस्तक वाळवीनं खाल्लं, आक्का. कुठनं आणू आता?" ग्रंथपाल सोनटक्के परवा तोडून बोलले खरे, पण तेव्हापासून त्यांना घास गोड लागेना.

आज यमुनाक्का पुन्हा वाचनालयात आल्या, तर हा गडी कॉम्प्युटरला चिकटलेला. जुनी पुस्तकं साठवणाऱ्या साइटवर 'गावच्या विहिरी' टाइप करून बोटं दुखली, पण पुस्तक काही सापडेना.

"टिंब कुठाय?" आक्का म्हणाल्या. "आमच्या आप्पांच्या काळी 'गांव' लिहायचे, डोक्यावर टिंब देऊन."

"हात्तिच्या!" म्हणत सोनटक्क्यांनी टिंब दिलं.

पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर आप्पांनी छापलेलं, 'चिरंजीव यमूस अर्पण.'

आक्कांनी स्क्रीनवरनं हात फिरवला. "ह्याला वाळवी नाही ना लागत?"

"नाही," सोनटक्के नाक पुसत म्हणाले, "नुसतं टिंब लागतं."