माहेरचं पाणी

करमाडच्या भागूबाईनं सुनेला, प्रेरणाला, दातांच्या दवाखान्यात आणलं होतं ते तिच्या तोंडाची झडती घ्यायलाच. "ही चोरून मिश्री लावती," तोंडावर पदर धरून ती म्हणाली. "बोललं की रडती. आता तुम्हीच बघून सांगा, डॉक्टरीनबाई."

डॉक्टर महेजबीननं दिवा जवळ ओढला. प्रेरणाच्या दातांवर आडवे तपकिरी पट्टे होते.

"ही मिश्री नाही, मावशी. " ती प्रेरणाकडं वळली. "लहानपणी कुठलं पाणी प्यायचीस गं?"

"माहेरच्या हापशाचं," प्रेरणा हळूच म्हणाली.

"त्यात फ्लोराइड जास्त असणार. बेताचं असलं तर ते दात किडू देत नाही. जास्त झालं की दात तयार होतानाच डाग पडतात. मग कितीही घासा, जात नाहीत."

भागूबाईचा पदर मात्र तोंडावरून हटेना, तसं महेजबीनला राहवलं नाही. "मावशी, तुमचं माहेर कुठलं?"

"तेच की. ही माझ्या भावाचीच लेक."

"मग तुमचेही दात दाखवा बघू."

भागूबाईनं पदर खाली घेतला. सगळे दात मिश्रीनं काळे पडले होते.

"कधीपासून लावता?"

"लगीन झाल्यावर." भागूबाई सुनेकडं न बघता म्हणाली, "माझ्या सासूनं बी असाच आळ घेतला व्हता. लई रडले. मग म्हटलं, नाव तर झालंच हाय, लावून तरी बघावी."