जॅकेटमधलं फूल

स्विस पोलिसांनी पाठवलेल्या जॅकेटच्या खिशात चपटं झालेलं फूल होतं. सहलीहून येताना सुदर्शन बायकोसाठी, अश्लेषासाठी, असं एखादं आणायचाच. त्याचा मृतदेह डोंगराखालच्या ओढ्यात सापडला होता; पडला कुठून, कुणालाच ठाऊक नव्हतं. "मी फोनवर शपथ घातली होती, पावसात डोंगर चढू नकोस म्हणून," सासूबाई अश्लेषाला म्हणाल्या. "पाळली का त्यानं? तुला फुलांतलं कळतं, बघून सांग." अश्लेषा नेदरलँड्समधल्या वाखनिंगनच्या विद्यापीठात वनस्पती ओळखायलाच शिकवायची. हिरवळीवरची डेझी आणि उंच कड्यांवरची तिची चुलत बहीण दिसायला सारख्याच. फक्त दुसरीच्या बीजांना केस असतात. पाहायचं तर फूल विस्कटावं लागतं. तिनं ते विस्कटलं, भिंगाखाली धरलं. बारीक, पांढरे केस. "साधी डेझी आहे, आई. तो वर गेलाच नव्हता." सासूबाई पाकळ्या गोळा करत म्हणाल्या, "म्हणजे शपथ पाळली, तरीही गेला."