लाभ मेथड

गागोद्याला मृणालीची आई भात मोजायला बसली की पहिल्या पायलीला 'एक' म्हणत नाही. लाभ, दोन, तीन अशीच तिची मोजणी चालते. "एक नाय बोलायचं गो, बरकत जाते," हे ऐकतच मृणाली मोठी झाली, पेणच्या कॉलेजात बी.कॉम. झाली आणि पुढचं अकाउंटिंग शिकायला इंग्लंडला गेली.

तिथे पहिल्याच प्रॅक्टिकलला सरांनी वर्गाला एका गोदामात नेऊन साबणाची खोकी मोजायला लावली. मृणालीने पहिल्या खोक्यावर हात ठेवला आणि सवयीने मोठ्यांदा बोलून गेली, "लाभ!"

सगळे वळून बघायला लागले. सरांनी विचारलं, हे काय? आता या गोऱ्या माणसाला बरकत कशी समजावणार? तिने बेधडक ठोकून दिलं, "सर, भारतात माल मोजायची ही अधिकृत पद्धत आहे. लाभ मेथड." सरांनी मान डोलावत वहीत लिहून घेतलं.

वर्षाच्या शेवटी पेपरात दहा मार्कांना प्रश्न आला : 'लाभ मेथड सोदाहरण स्पष्ट करा.' मृणालीने मनातल्या मनात आईला हात जोडले आणि गालातल्या गालात हसत चार पानं भरून काढली. तिकडे पेपरावर नाव घालत नाहीत, नुसता नंबर असतो.

दहापैकी तीन मिळाले.



खाली सरांचा शेरा होता : "संकल्पना समजलेली नाही. वर्गातल्या भारतीय मुलीला विचारून घ्या."